एसीएलच्या ऑपरेशननंतर मुलगी परत जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत उतरू शकेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी १३ वर्षांची आहे, एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना जोडून धरणाऱ्या लिगामेंटचं, ऑपरेशन होऊन चार महिने झालेत, आता दुखत नाही, जिने भराभर चढते, दोन महिन्यांनी स्पर्धा आहे आणि ती रोज मागे लागलीय, तर उतरवू का. नका उतरवू. ती परत येईल असं मला मनापासून वाटतं, पण ही स्पर्धा नको.

मी १५ वर्षांची असताना माझा उजवा गुडघा गेला. फ्लोअरवर (मॅटवरच्या कसरतींत) डबल ट्विस्ट, म्हणजे हवेत अंगाभोवती दोन फेऱ्या, होता, फिरणं पूर्ण व्हायच्या आतच पाय मॅटला लागला, पाऊल तिथेच रुतलं आणि वरचं अंग फिरतच राहिलं. आत काहीतरी टप्पकन सुटलं. पडल्यावर पहिली दहा मिनिटं फारसं दुखलंही नाही, मी उठून चालायला गेले आणि गुडघा बाजूला सरकला, तेव्हा कळलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओताई म्हणाल्या मांडी आवळून दाखव. मी सगळा जोर लावला, मांडी हललीच नाही. रोज शंभर उड्या मारणारी मांडी आणि साधी आवळता येईना, मला रडूच फुटलं. मग त्यांनी माझा एक हात डाव्या मांडीवर ठेवला, एक उजव्या, म्हणाल्या आधी डावी आवळ, हाताला कशी लागते बघ, आता तस्संच उजवीला सांग. तिसऱ्या दिवशी बोटांखाली जरासं काहीतरी थरथरलं. गुडघ्याला सूज आली की मेंदूच त्या स्नायूला दाबून ठेवतो, त्यामुळे मुलगी आळस करतेय असं कधीही समजू नका.

आता चौथ्या महिन्याचं सांगते, कारण फसवणूक इथेच होते. नवीन लिगामेंट म्हणून जो टेंडनचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचा) तुकडा बसवतात तो लगेच लिगामेंट होत नाही, त्यात रक्तपुरवठा सुरू होऊन तो हळूहळू बदलतो आणि मधले काही महिने तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. म्हणून निदान नऊ महिने तरी उड्या-लँडिंगच्या खेळात परतू नये असं सांगतात, आणि नऊ महिने झाले म्हणजे झालं असंही नाही, त्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांच्या टेस्टही पास व्हायला हव्यात. शिवाय तिच्या हाडांची वाढ बाकी असेल, त्याबद्दल सर्जनना वेगळं विचारा.

पण तोवर तिला घरी बसवून ठेवू नका हो. फिजिओ हो म्हणाले की बार्स, म्हणजे दांड्यांना लटकून करायच्या कसरती, सुरू करता येतात. मी सुरू केले तेव्हा उडी मारून खाली उतरायचं नाही ही एकच अट होती, सेट संपला की माझे कोच, सर, मला कमरेला धरून अलगद खाली ठेवायचे. त्या वर्षात माझे हँडस्टँड जितके सुधारले तितके आधी कधीच सुधारले नव्हते. आणि जिममध्ये मैत्रिणींबरोबर वॉर्मअपला उभं राहता आलं, त्याची किंमत मी सांगू शकत नाही.

लँडिंग मात्र शून्यापासून शिकावं लागलं. वीतभर उंचीच्या ठोकळ्यावरून दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, आवाज करायचा नाही, बस्स, आठवडेच्या आठवडे एवढंच. मग फोम पिट (फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा), मग जाड मॅट, मग नेहमीची मॅट, आणि ट्विस्ट सगळ्यात शेवटी. दहाव्या महिन्यात माझ्या सगळ्या टेस्ट पास होत्या तरी मी धावत जायचे आणि राउंड-ऑफच्या (ट्विस्टआधी घ्यायच्या कोलांटीच्या) आधी थांबायचे, परत जायचे, परत थांबायचे. पाय तयार होता, मीच नव्हते. सर ओरडले नाहीत, म्हणाले अर्धा ट्विस्ट कर, तोही पिटमध्ये. महिनाभर तेवढंच केलं. शिवाय मधल्या काळात उंची वाढली होती, हवेतला सगळा अंदाज चुकत होता, तुमच्या मुलीचंही तसं होईल, तेव्हा तिला आधीच सांगून ठेवा की हे होणारच आहे.

खाणं कमी करू देऊ नका, ही कळकळीची विनंती. सराव बंद म्हणून वजन वाढेल या भीतीने मुली गुपचूप जेवण कमी करतात, मीही केलं होतं आणि माझी पाळी बंद झाली होती. हाडं आणि स्नायू भरून यायला अन्नच लागतं.

ब्राझीलची जिम्नॅस्ट रिबेका आंद्रादे हिचं एसीएल तीनदा फाटलं, २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये, आणि नंतर टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने व्हॉल्टचं (धावत येऊन टेबलावरून घ्यायच्या उडीचं) सुवर्ण जिंकलं, पॅरिस ऑलिंपिकला फ्लोअरचं. दीपा कर्माकरचं ऑपरेशन २०१७ ला झालं, २०१८ च्या जुलैत तिने तुर्कीतल्या मर्सिनला व्हॉल्टचं सुवर्ण घेतलं. मुलीला ही नावं सांगा, पण मधली वर्षंही सांगा.

मी १४ महिन्यांनी स्पर्धेत उतरले, फक्त बार्स आणि बीमवर (अरुंद लाकडी पट्टीवर), सोपा डिसमाउंट, म्हणजे शेवटची खाली यायची उडी, घेऊन.

आज तिचा व्यायाम झाला की टेप घ्या, दोन्ही गुडघ्यांचा घेर वाटीच्या मधोमध मोजा, उद्या सकाळी परत मोजा. ऑपरेशनचा गुडघा सकाळी वाढलेला दिसला तर आजचं काम त्याला जास्त झालं असं समजा, आणि ते आकडे लिहून फिजिओंना दाखवा.