‘यात प्रभू कुठेय?’

पत्र (ओळख पटेल असं सगळं काढून, थोडं छाटून):

"मावशी, सलाम. मी मूळची नगरची, वय 31, लग्नाला अडीच वर्षं झाली, आता पुण्यात असते, ग्राफिक डिझायनरची नोकरी आहे. नवरा खरंच चांगला आहे, कसलं व्यसन नाही, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो, तिथल्या तरुणांच्या गटाचं, युथचं, सगळं तोच बघतो. मी लहानपणापासून चित्रं काढते, मधे सुटलं होतं, गेल्या वर्षी परत ऑइल सुरू केलं. माझी चित्रं धार्मिक नाहीत, मी एसटी स्टँडवरची माणसं काढते. परवा एक पूर्ण झालं, बाकड्यावर झोपलेली आजी, पिशवीचा बंद तिने पायाच्या अंगठ्याला गुंडाळलाय. नवऱ्याला दाखवलं, तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, छान आहे, पण यात प्रभू कुठेय? तिथून भांडण झालं. तो म्हणतो चित्रकला ही तुझी मूर्ती झालीय, दान दिलंय तर प्रभूसाठी वापर, नाताळच्या बॅकड्रॉपला दरवर्षी माणूस लागतोच. सासूबाई म्हणतात जगिक गोष्टींत मन रमलं की घर सुटतं. मला नोकरी सोडून एक वर्ष फक्त चित्रं काढायचीत. मी प्रार्थना केली तर मला शांती वाटते, त्याने केली तर त्याला ओझं वाटतं. मग खरं कोणाचं? आणि अजून एक, झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आधीच्या, मी ऑफिसचं काम आहे सांगून वाकडेवाडीच्या स्टँडवर स्केचिंगला गेले होते, हे त्याला अजून माहीत नाही. ता.क. टर्पेंटाइनच्या वासाने त्याचं डोकं दुखतं म्हणून हल्ली तो हॉलमध्ये झोपतो. – नगरची पोर"

पोरी, सलाम.

त्या आजीने बंद अंगठ्याला गुंडाळलाय म्हणतेस ना, मला ते वाचूनच चित्र दिसलं बघ. माझी आई असंच झोपायची प्रवासात, फक्त ती बंद मनगटाला बांधायची आणि वर पदर घ्यायची, कुणी पिशवी ओढलीच तर आधी हात ओढला जाईल म्हणून. झोपेतसुद्धा अर्धं लक्ष पिशवीत. पिशवीत काय तर दोन भाकरी, एक जुनं बायबल आणि नातवाला घेतलेली खारीची पुडी. तर चित्र कसं झालंय ते मला माहीत नाही, पण तुला बघता येतं एवढं नक्की, आणि ते सगळ्यांना येत नाही.

आता तुझ्या प्रश्नावर येते. तुला शांती वाटते, त्याला ओझं वाटतं, म्हणजे एकाच टू बीएचकेमध्ये प्रभू हॉलमध्ये एक सांगतोय आणि बेडरूममध्ये दुसरं, असं आहे का? मला नाही वाटत. आपल्या लोकांना एक सवय आहे, मलाही होती, की जे हवंय किंवा जे नकोय ते सरळ बोलायचं नाही, त्याला प्रार्थनेचं कव्हर घालायचं. "मला राग आलाय" म्हणायच्या ऐवजी "मला ओझं आहे". "मला हे हवंच आहे" म्हणायच्या ऐवजी "मला शांती मिळाली". मग समोरच्याला वाद घालायला जागाच उरत नाही कारण वाद घालायचा तर थेट देवाशी. तुम्ही दोघांनी मिळून प्रभूला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलंय आणि दोघंही म्हणताय हा माझ्या बाजूचा. त्याला आधी तिथून खाली उतरवा.

तुझ्या नवऱ्याचे आठवड्यातले चार दिवस कुठे जातात ते तू लिहिलं नाहीस पण मी सांगू शकते, मी चाळीस वर्षं क्वायरमध्ये काढलीत. बुधवारी प्रॅक्टिस, शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, म्हणजे कॉटेज मीटिंग, शनिवारी युथ, रविवारी सकाळी आठला साउंड चेक ते दुपारी दोन. नाताळ जवळ आला की घरोघरी गाणी म्हणत कॅरल राउंड, मग रात्री एकला घरी. बरोबर ना? हे सगळं करताना त्याने तुला कधी विचारलं होतं का? मला खात्री आहे विचारलं नसेल, आणि तो वाईट माणूस आहे म्हणून नाही, तर ‘प्रभूचं काम’ म्हटल्यावर विचारायचं असतं हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. अगं, कीबोर्ड वाजवणं हाही छंदच आहे त्याचा. त्याला त्यात मजा येते, बोटं शिवशिवतात, नवीन कॉर्ड सापडली की तो जेवणाच्या ताटावर वाजवत बसत असेल. तुमच्या घरात वेड दोघांनाही आहे, फक्त एका वेडाला चर्चची पावती मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही.

बायबलात पौल करिंथच्या मंडळीला, करिंथकरांना लिहितो ना, पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, की नवराबायकोने एकमेकांपासून वेगळं राहायचं असेल तर ते दोघांच्या संमतीने आणि थोड्याच वेळासाठी, आणि तेही कशासाठी तर प्रार्थनेसाठी. लग्नाच्या शिकवणीत हा शास्त्रभाग लाजून पटकन उरकतात म्हणून लोकांच्या डोक्यात राहत नाही. विषय तिथे अंथरुणाचा आहे हे मला माहीत आहे. पण बघ, प्रार्थनेइतकी पवित्र गोष्टसुद्धा जोडीदाराला न विचारता त्याच्या वेळातून काढायची नाही म्हणतो तो. मग कीबोर्ड कुठून सुटला? आणि तुझा ब्रश तरी कुठून सुटला?

तू नगरची आहेस म्हणून टिळकांची गोष्ट काढते, तुला माहीतच असेल पण या अंगाने बघ. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई तेव्हा नातलगांत होत्या, त्यांच्यापर्यंत बातमी नंतर पोचली, आणि मग जवळपास पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. त्या बाईने काय भोगलं ते तिने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय, आणि गंमत म्हणजे रडत नाही, हसवत लिहिलंय. टिळक मोठे कवी, मोठे भक्त, त्यांच्या अभंगांशिवाय आपली उपासना होत नाही, सगळं मान्य. पण घरात पैसा टिकत नसे आणि किंमत कुणी मोजली तर बाईने. पुढे तिने स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती विश्वास धरला, टिळक 1919 साली गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य हातात घेतलं आणि पुरं केलं. माझ्या पिढीच्या बायांना ही गोष्ट ‘बघा पतिव्रता’ म्हणून सांगायचे. मला त्यात दुसरंच दिसतं. जिला धड विचारलंही नव्हतं तीच शेवटी बरोबरीची लिहिणारी निघाली.

आणि याच टिळकांनी बाप्तिस्म्यानंतर काय फक्त क्रूसावर लिहिलं का? फुलांवर लिहिलं, पोरांवर लिहिलं, पाखरांवर लिहिलं, उगाच नाही त्यांना फुलामुलांचे कवी म्हणत. कुणी त्यांना विचारलं असेल का, या फुलात प्रभू कुठेय म्हणून? विचारलं असेलही म्हणा, मंडळीत असे लोक तेव्हाही असणारच.

दुसरा एक माणूस सांगते, तो तर तुझ्याच लाइनचा. आंजेलो द फोन्सेका, गोव्याचा, जन्म 1902. शांतिनिकेतनात शिकला आणि परत येऊन मरियेला, येशूच्या आईला, साडी नेसवली, आपल्याकडच्या बाईसारखी काढली. गोव्यातले धार्मिक लोक इतके बिथरले की त्याला तिथे राहणं अवघड झालं, शेवटी तो पुण्याला आला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रं काढत बसला. तुझ्या वाकडेवाडीच्या स्टँडपासून फार लांब नाही ते. 1967 साली गेला. आज त्याची कितीतरी चित्रं गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपून ठेवलीत. म्हणजे बघ, त्याने मरियाच काढली होती, विषय शंभर टक्के धार्मिक होता, तरी लोक चिडलेच. तेव्हा धार्मिक विषय घेतला की घरात शांतता नांदेल या भ्रमात राहू नकोस. उद्या तू बॅकड्रॉपवर मरियेला नऊवारी नेसवलीस तर कमिटीची मीटिंग लागेल.

बॅकड्रॉपचं काम हलकं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बायबलातल्या निर्गमच्या 31व्या अध्यायात देव ज्याला आपल्या आत्म्याने भरतो तो बसालेल याजक नाही, संदेष्टा नाही, कारागीर आहे, सोन्याचांदीचं, लाकडाचं, खडे बसवायचं काम करणारा. थोडं पुढे त्या बायाही आहेत ज्यांनी बकऱ्याचे केस कातून दिले, त्यांची नावं लिहायची राहिली, नेहमीप्रमाणे. तर वर्षातून एक बॅकड्रॉप कर, मनापासून कर. पण आजीला बॅकड्रॉपच्या बदल्यात विकू नकोस. आपल्या बायबलात एस्तेरचं अख्खं पुस्तक आहे आणि त्यात देवाचं नाव एकदाही नाही. तरी ते आजही आपल्या बायबलात आहे. हे नवऱ्याला सांगायला हरकत नाही, पण भांडणात सांगू नकोस, जेवताना सहज सांग. भांडणात वचन फेकून मारलं की ते वचन राहत नाही, चप्पल होते.

मूर्तीचं म्हणशील तर तो प्रश्न अगदीच खोटा नाही. मी कविता करायचे, माहीत नसेल तुला. मग अकरा वर्षं एक ओळ लिहिली नाही आणि सगळ्यांना सांगत फिरले की संडे स्कूल आहे, महिला मंडळ आहे, प्रभूच्या कामातून वेळच मिळत नाही. आमच्या ह्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, उलट वही आणून द्यायचे. खरं कारण एकच होतं. एका संपादकाने कविता परत पाठवल्या होत्या आणि मला परत तोंडघशी पडायची भीती वाटत होती. मंडळीचं काम माझी लपायची जागा होती. म्हणजे मूर्ती कुठल्याही गोष्टीची होते, सेवेचीसुद्धा होते. आता तुझं तू बघ. तुझी चित्रकला मूर्ती झालीय की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, पण जिच्यासाठी तू खोटं बोललीस ती गोष्ट जरा तपासून घ्यावी लागते, एवढं म्हणेन.

हो, खोटं. त्यावरून उडी मारून पुढे जाऊ नकोस. झावळ्यांच्या रविवारी तो तिकडे होसान्ना वाजवत होता, बायकोची खुर्ची रिकामी, चार जणांनी विचारलं असेल आणि त्याने तुझ्या वतीने सांगितलं असेल की ऑफिसचं काम आहे. त्यालाही तू खोट्यात ओढलंस, त्याला न सांगता. हे आधी सांगून टाक. एका वाक्यात, "पण तू तरी" न जोडता. तो चिडेल. दोन दिवस बोलणार नाही कदाचित. चिडू दे. हे मधे असेपर्यंत बाकी काहीही बोललीस तरी ते पोकळ वाजणार.

मग कॅलेंडर घेऊन बसा, ते सोसायटीच्या सेक्रेटरीने दिलेलं असतं ना किचनच्या दाराला टांगलेलं, तेच. त्याच्या संध्याकाळी त्याने लिहायच्या, तुझ्या तू, आणि दोघांच्या दोन तरी राहिल्याच पाहिजेत. चर्चची म्हणून कुठली फुकट धरायची नाही. तो म्हणेल देवाला वेळ मोजून द्यायचा का, तर म्हणावं कमाईचा दहावा भाग, दशांश, मोजूनच देतो की आपण.

नोकरी आत्ता सोडू नकोस. घराचा हप्ता आहे का ते लिहिलं नाहीस, पुण्यात राहताय म्हणजे असणारच किंवा घरभाडं तरी. वर्षभराचा राजीनामा हा तुझा एकटीचा निर्णय नाही, जसं त्याने उद्या फुल टाइम सेवेत जातो म्हटलं तर तो त्याचा एकट्याचा नाही. सहा महिने आठवड्याला ठरलेले दोन दिवस चित्रं काढून बघ, दर महिन्याला थोडे पैसे वेगळे टाक, ऑफिसात चार दिवसांचं काही जमतं का विचार, काही चित्रं कुठे लावता येतात का बघ. सहा महिन्यांनी हातात आठ-दहा चित्रं असतील तर बोलणं वेगळं होईल. नसतील तर तेही कळेल. सासूबाईंचं एक कान बंद करून ऐक, त्यांचं भांडण तुझ्याशी नाहीये, रात्री एकला घरी येणाऱ्या मुलाशी आहे, ते त्या त्याला म्हणू शकत नाहीत.

आणि तो प्रश्न, यात प्रभू कुठेय. तू तो टोमणा म्हणून ऐकलास. तुझ्याच पत्रात आहे की तो बराच वेळ बघत राहिला होता. ज्याला चित्र आवडत नाही तो एवढा वेळ बघत नाही, तो छान आहे म्हणून फोन उचलतो. त्याला एकच भाषा येते बिचाऱ्याला, चर्चची, त्यात त्याने विचारलं. तू त्याला उत्तर देऊ नकोस. त्याला एकदा स्टँडवर घेऊन जा, सकाळी साडेसहाला, पहिल्या गाड्यांच्या वेळी, आणि ती आजी कुठल्या बाकड्यावर झोपली होती ते दाखव. चहा घ्या. तिचं नाव विचारलं होतंस का गं?

राहिली ती ता.क.ची ओळ. सगळ्या पत्रात तू ती शेवटी, बारीक अक्षरात लिहिलीस आणि माझ्या मते भांडण निम्मं तिथेच आहे. माणूस रोज हॉलमध्ये सोफ्यावर पाय दुमडून झोपतोय आणि सकाळी उठून म्हणतोय की चित्रकला मूर्ती आहे. अगं, त्याला बायको हवीय शेजारी, आणि डोकं न दुखता हवीय. ऑइल सोड म्हणत नाही मी, पण टर्पेंटाइन सोडता येतं, ब्रश आधी फडक्याने पुसून मग जवसाच्या तेलाने स्वच्छ होतात, नंतर साबणाने धुवायचे. तोवर तो डबा आजच्या आज बाल्कनीत ने, झाकण घट्ट लावून, आणि बेडरूमच्या खिडक्या उघड.

– मावशी