कांचनबुरीचा पूल पाहायचा, तर साध्या गाडीनेच जावे

जळगावच्या एका सदस्यांनी विचारले आहे की, आई-वडिलांना घेऊन बँकॉकला गेल्यावर कांचनबुरी गावाजवळचा, क्वाय नदीवरचा दुसऱ्या महायुद्धातला पूल सहल कंपनीच्या बसऐवजी तिथल्या नेहमीच्या रेल्वेगाडीने पाहता येईल का, आणि पासष्टीच्या माणसांना ते झेपेल का. येईल आणि झेपेलही, मात्र एका दिवसात उरकण्याचा विचार सोडावा, कारण पाहण्यासारखी गोष्ट एकटा पूल नसून तो संपूर्ण लोहमार्ग आहे. मी भुसावळला रेल्वेच्या पी-वे खात्यात, म्हणजे रूळ-स्लीपर सांभाळणाऱ्यांत, नोकरी केली असल्यामुळे माझे मत थोडे एकांगी असेल, हे आधीच कबूल करतो.

गाडी बँकॉकच्या मुख्य स्थानकावरून सुटत नाही. ती चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावरच्या थोनबुरी या छोट्या स्थानकावरून सुटते. नदीतल्या प्रवासी बोटीने सिरिराज रुग्णालयाजवळच्या वांग लांग धक्क्यावर उतरावे आणि तिथून दहा-पंधरा मिनिटे चालावे. रोज दोन गाड्या आहेत, एक सकाळी पावणेआठच्या सुमारास आणि दुसरी दुपारी दोनच्या थोडी आधी. आपण सकाळचीच धरावी. परदेशी प्रवाशाला शंभर बात, म्हणजे आपले अडीचशे-तीनशे रुपये, असे सरसकट भाडे आहे, आरक्षण नसते आणि डबा तिसऱ्या वर्गाचा असतो. उघड्या खिडक्या, छताला पंखे आणि टोपलीतून खाऊ विकत डब्यातून फिरणाऱ्या बायका पाहून ज्यांनी पाचोरा-जामनेर पीजेने प्रवास केला आहे त्यांना घरी आल्यासारखे वाटेल. फरक इतकाच की पीजे नॅरोगेज होती आणि ही मीटरगेज आहे. कांचनबुरीला पोहोचायला अडीच-तीन तास लागतात. वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलातून विचारून घ्यावे.

पूल पाहण्याआधी हा मार्ग का बांधला हे घरच्यांना सांगून ठेवावे. 1942 साली जपानने ब्रह्मदेश घेतला, पण तिथल्या फौजेला रसद पोहोचवण्याचा मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणारा समुद्रमार्ग दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्यांमुळे असुरक्षित झाला होता. म्हणून थायलंडमधील बान पोंगजवळून ब्रह्मदेशातील थानब्युझायतपर्यंत 415 किलोमीटरचा मार्ग जंगलातून आणि डोंगरातून काढण्यात आला, आणि तो 1943 च्या ऑक्टोबरात, म्हणजे साधारण सव्वा वर्षात, पूर्ण झाला. आमच्या खात्यात एखाद्या कटिंगचे, म्हणजे रुळांसाठी डोंगर फोडून वाट काढण्याचे, काम दोन पावसाळे रेंगाळलेले मी पाहिले आहे, त्यामुळे सव्वा वर्ष हा आकडा ऐकल्यावर मला कौतुकाआधी भीती वाटली. साठ हजारांहून अधिक युद्धकैदी या कामावर जुंपले गेले आणि त्यांतले सुमारे बारा हजार मेले. मलाया, ब्रह्मदेश, जावा इथून आणलेले मजूर दोन लाखांच्या आसपास होते आणि त्यांतले नव्वद हजारांच्या घरात दगावले असावेत, असा अंदाज केला जातो. मलायाच्या रबर मळ्यांतून आणलेले तमिळ मजूर त्यात फार मोठ्या संख्येने होते. 1943 च्या पावसाळ्यात छावण्यांमध्ये पटकीची साथ पसरली, तेव्हा यांना ना औषध मिळाले, ना यांची नोंद राहिली.

कैदी आणि मजूर यांच्यातला हा फरक कांचनबुरीत उतरल्यावर लगेच दिसतो. स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर युद्धस्मशान आहे आणि तिथे सुमारे सात हजार ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिकांच्या कबरी ओळीने आहेत. बहुतेकांवर नाव, वय, पलटण सारे कोरलेले आहे. प्रवेशद्वाराच्या इमारतीत अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातील अकरा जणांची नावे आहेत. थायलंडमधील मुस्लिम दफनभूमींत पुरलेल्या या सैनिकांच्या कबरी राखता आल्या नाहीत, म्हणून ती नावे इथे लिहिली गेली. बहुतेक पर्यटक त्या भिंतीकडे न पाहताच आत जातात, आपण थांबावे. मजुरांसाठी मात्र नावांची अशी एकही ओळ नाही. शेजारीच थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेचे संग्रहालय आहे आणि त्यात नकाशे, अवजारे व छावण्यांची माहिती फार नीट मांडली आहे. पुलाच्या आधी ते पाहिले तर पूल समजतो.

पूल पुढच्याच थांब्यावर, गावापासून तीन किलोमीटरवर आहे. कमानीसारख्या वरच्या बाजूचे गर्डर मूळचे असून ते जावाहून आणलेले आहेत, आणि मधले दोन सरळ रेषांचे, कोनदार गर्डर बॉम्बहल्ल्यात पडलेल्यांच्या जागी युद्धानंतर बसवलेले आहेत. लोक पुलावरून पायी चालतात, गाडी आली की बाजूच्या सज्ज्यांत उभे राहतात आणि गाडी माणसाच्या चालीने जाते. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या ज्या प्रसिद्ध चित्रपटामुळे हा पूल जगाला माहीत झाला, त्याचे चित्रीकरण श्रीलंकेत झाले होते; आणि खरे तर पूल मे क्लोंग नदीवर होता, पण पर्यटक क्वाय शोधत येऊ लागल्यामुळे नदीच्या त्या भागाचेच नाव पुढे बदलण्यात आले. तिथे विचारताना ‘ख्वे’ म्हणावे, कारण ‘क्वाय’ म्हटले की थाई माणसाला म्हैस ऐकू येते.

दुसरा दिवस डोंगराचा. सकाळी कांचनबुरीच्या बसस्थानकावरून थोंग फा फुम किंवा सांखलाबुरीकडे जाणारी साधी बस धरावी आणि वाहकाला ‘चोंग खाओ खात’ असे सांगून ठेवावे. सुमारे ऐंशी किलोमीटरवर तो आपल्याला महामार्गावर उतरवतो. हीच हेलफायर पास नावाने ओळखली जाणारी कटिंग होय. रात्री मशालींच्या उजेडात कैद्यांना खडक फोडायला लावत, त्यावरून हे नाव पडले. ऑस्ट्रेलिया सरकारने उभारलेले तिथले माहितीकेंद्र विनाशुल्क आहे. खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी केंद्राच्या सज्जातून दरी पाहून समाधान मानावे, आणि उतरणाऱ्यांनी चपला नव्हे, बूट घालावेत. छिन्नीने पाडलेल्या भोकांच्या खुणा त्या खडकात अजून दिसतात. त्यांवरून मी बोट फिरवून पाहिले.

परतताना महामार्गावरून बस पकडून नाम तोक या शेवटच्या स्थानकावर यावे आणि साडेतीनच्या सुमाराची गाडी धरावी. मी बसची वाट पाहत तासभर उन्हात उभा राहिलो आणि गाडी जेमतेम मिळाली, म्हणून कटिंगवरून एक वाजायच्या आत निघावे. कांचनबुरीकडे येताना उजवीकडे बसावे. थाम क्रासेजवळ गाडी कड्याला चिकटून उभारलेल्या लाकडी पुलावरून रांगत जाते आणि खाली नदी दिसते.

जेवणाचे म्हणाल, तर शाकाहारींनी ‘जे’ हा शब्द पाठ करावा, नाहीतर भाजीतही माशांचा सॉस येतो. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेल्यास दोन दिवस निभावतात. एप्रिलचे ऊन आपल्या जळगावला साजेसे असते. शक्यतो डिसेंबर किंवा जानेवारीत जावे.