क्वासिक्रिस्टलच्या तव्याला खरंच काही चिकटत नाही का? आणि असा तवा कोल्हापुरात ओतता येईल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. क्वासिक्रिस्टल या वेगळ्या अणुरचनेच्या मिश्रधातूच्या पृष्ठभागात असं काय असतं की त्याला अन्न कमी चिकटतं, ही पहिली. आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना असा तवा करता येईल का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर आधी देऊन टाकतो: अख्खा तवा ओतण्यात अर्थ नाही. ओतलाच, तर हातातून निसटल्यावर त्याचे तुकडे गोळा करावे लागतील. पहिलीचं उत्तर मोठं आहे. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून आता शिरोलीत एका अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंग कारखान्याची लॅब बघतो, त्यामुळे या विषयाची पुस्तकी बाजूही आवडते आणि भट्टीची बाजू तर रोजचीच आहे.

साध्या धातूत अणूंची एक छोटी मांडणी तीच ती पुन्हा येत राहते. अ‍ॅल्युमिनियमच्या अशा एका घनाच्या वाट्याला फक्त चार अणू येतात. कॉम्प्लेक्स मेटॅलिक अलॉय म्हणतात त्यांत हा आकडा शेकड्यांत किंवा हजारांत जातो. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या एका संयुगात तो साधारण ११६८ आहे. क्वासिक्रिस्टलमध्ये मांडणी काटेकोर असते, पण ती पुन्हा येतच नाही. अशा रचनेतच पाचाची सममिती, म्हणजे एक पंचमांश फेरा फिरवलं तरी तशीच दिसणारी मांडणी, बसू शकते. नेहमीच्या स्फटिकात ती शक्य नाही, हे भूमितीनेच सिद्ध होतं.

म्हणूनच ८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेत डॅनियल शेख्टमन यांना झपाट्याने थंड केलेल्या अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजच्या पट्टीत दहा-दहा ठिपक्यांची वर्तुळं, म्हणजे याच अशक्य सममितीची खूण दिसली, तेव्हा कोणी विश्वास ठेवेना. शोधनिबंध छापून यायला नोव्हेंबर १९८४ उजाडलं. लायनस पॉलिंगसारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मरेपर्यंत हे मान्य केलं नाही. शेख्टमनना २०११ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतली मंडळी अगदी सुरुवातीपासून यात होती. दशकोनी क्वासिक्रिस्टलवर त्यांनी १९८५ मध्येच काम केलं.

पृष्ठभागाच्या दृष्टीने मला १९८७ हे साल जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी जपानमध्ये आन-पांग त्साई यांनी अ‍ॅल्युमिनियम-तांबं-लोखंड यांचा स्थिर क्वासिक्रिस्टल केला. आधीचे प्रकार तापवले की मोडायचे, हा टिकला. पुढे अ‍ॅल्युमिनियम-पॅलेडियम-मँगनीजचे सेंटिमीटरभर मोठे एकसंध दाणे वाढवता आले. ते कापून, घासून, त्यांचा पृष्ठभाग अणू-अणूने बघणं मग शक्य झालं.

पण बघायचं म्हटलं तरी पृष्ठभाग उघडा मिळत नाही. अ‍ॅल्युमिनियम हवेत आलं की लगेच त्यावर ऑक्साइड चढतं. म्हणून नमुना अतिनिर्वात चेंबरमध्ये ठेवतात. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा लाख कोटी पटींहून कमी असतो. मग आर्गॉनच्या आयनांचा मारा करून वरचा थर खरवडतात. यात एक घोळ होतो. हलकं अ‍ॅल्युमिनियम आधी उडून जातं, पॅलेडियम मागे राहतं आणि वरचे थर सरळ साध्या घनाकार रचनेत जाऊन बसतात. साफ करायला गेलो आणि क्वासिक्रिस्टलच पुसला, अशी गत! मग तो नमुना ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवत ठेवला की आतलं अ‍ॅल्युमिनियम वर येतं आणि पाचाची सममिती परत दिसायला लागते.

त्यानंतर अणू दाखवणाऱ्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपखाली जे दिसतं ते नाद खुळा आहे. सपाट मैदानं आणि त्यांच्यामध्ये पायऱ्या. साध्या धातूत सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या. इथे दोन उंच्या: ०.४१ आणि ०.६६ नॅनोमीटर. त्यांचा क्रम लांब, आखूड, लांब, लांब, आखूड असा जातो. कुठेही चक्र पूर्ण होत नाही, पण नियम मात्र पक्का, फिबोनाची श्रेणीचा. भागाकार करून बघा, १.६१ येतो. म्हणजे सुवर्ण गुणोत्तर. याचा अर्थ असा की आतली रचना वरच्या थरापर्यंत तशीच येते, पृष्ठभाग आपली वेगळी चूल मांडत नाही. स्फटिक तुटतो तो अणूंच्या दाट थरांमध्ये जिथे मोकळी जागा असते तिथे. वर राहतो तो थर अ‍ॅल्युमिनियमने भरलेला, कारण अ‍ॅल्युमिनियमची पृष्ठभाग-ऊर्जा मिश्रधातूतल्या तिन्ही धातूंत सगळ्यात कमी आहे. मैदानांवर पाच पाकळ्यांच्या नक्ष्या दिसतात. संशोधक त्यांना ‘काळे तारे’ आणि ‘पांढरी फुलं’ म्हणतात. अशा पृष्ठभागावर अँटिमनी किंवा बिस्मथचा एकच थर चढवला, तर एकाच मूलद्रव्याचा तो थरही खालच्या नक्षीप्रमाणे बसतो, हे २००२ मध्ये दिसलं. याच धर्तीचं काम इंदूरच्या यूजीसी-डीएई संशोधन केंद्रातही होतं.

आता चिकटण्याकडे येऊ. माझ्या मते यातला सगळ्यात सुंदर प्रयोग २००५ चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कली आणि आयोवातल्या एम्स या प्रयोगशाळांचा. त्यांनी अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा दशकोनी क्वासिक्रिस्टल घेतला. हा प्रकार एका दिशेने नेहमीच्या स्फटिकासारखा पुनरावृत्ती करतो, बाकी दिशांना करत नाही. त्याचा असा काप काढला की दोन्ही दिशा एकाच पृष्ठभागावर आल्या. मग अणुबल मायक्रोस्कोपची सुई दोन्हीकडे ओढून घर्षण मोजलं. पुनरावृत्तीच्या दिशेने घर्षण दुसऱ्या दिशेच्या सुमारे आठ पट निघालं. तुकडा तोच, अणू तेच, सुई तीच, फरक फक्त मांडणीचा. कारण काय यावर पुढे बराच खल झाला: कोणी अणूंच्या कंपनांकडे बोट दाखवलं, कोणी इलेक्ट्रॉनांकडे. पण तोच पृष्ठभाग हवेत ऑक्सिडाइझ झाला की हा फरक जवळपास पुसला जातो.

हे शेवटचं वाक्य तव्याच्या प्रश्नाची किल्ली आहे. स्वयंपाकघरात अतिनिर्वात कुठला? तुमची भाजी कधीच ‘काळ्या ताऱ्यां’ना शिवत नाही, ती शिवते वर चढलेल्या काही नॅनोमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडला. त्यामुळे ‘निषिद्ध सममितीमुळे अन्न चिकटत नाही’ असं कोणी लिहिलं असेल तर ते अर्धवट आहे. फ्रान्समध्ये नान्सीच्या झाँ-मारी द्युबुआ यांनी यावर वर्षानुवर्षं मोजमापं केली. त्यांचं म्हणणं साधारण असं: ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की खालच्या इलेक्ट्रॉनांचा प्रभाव वर जाणवतो. क्वासिक्रिस्टलमध्ये वीज वाहायला मोकळे इलेक्ट्रॉन फार कमी असतात, म्हणून पाण्याच्या थेंबाला खालून मिळणारी ओढही कमी पडते. ऑक्साइड जाड झाला की हा फायदा जातो. पाणी साध्या धातूपेक्षा इथे कमी पसरतं, पण टेफ्लॉनवर त्याहूनही कमी पसरतं. क्वासिक्रिस्टलची खरी बाजू अशी की तो कडक आहे, उलथन्याने ओरखडत नाही आणि टेफ्लॉन जिथे मान टाकतं त्या तापमानालाही टिकतो.

द्युबुआंच्या पेटंटवरून फ्रान्समध्ये असे तवे बाजारातही आले होते. धातूच्या तव्यावर अ‍ॅल्युमिनियम-तांबं-लोखंड-क्रोमियमच्या क्वासिक्रिस्टलचं कोटिंग प्लाझ्मा फवाऱ्याने चढवायचं, अशी पद्धत. ते टिकले नाहीत. मिठामुळे काही तव्यांचा थर गंजल्याचं सांगितलं जातं. आपल्या तांबड्या रश्श्यापुढे तर त्यांची गत काय झाली असती कोण जाणे. न चिकटणारा आणि जन्मभर टिकणारा तवा हवा असेल तर बिडाचा घ्या आणि तेल लावून तापवून नीट मुरवा. त्याचं न चिकटणंही पृष्ठभागाचंच काम आहे: तापलेल्या तेलाचा घट्ट झालेला थर.

आता आपल्या भट्टीची बाजू. त्साईंच्या जातीचा मिश्रधातू कागदावर ६३ अ‍ॅल्युमिनियम, २५ तांबं, १२ लोखंड असा दिसतो. पण हे अणुटक्के आहेत. स्पेक्ट्रोवर (मिश्रधातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) आपण वजनाने मोजतो, त्या हिशोबाने अ‍ॅल्युमिनियम ४३, तांबं ४० आणि लोखंड १७ टक्के. तांब्याचा आजचा भाव बघता इथेच बरेच मालक मागे फिरतील. हट्टाने वितळवलं तरी साच्यात थेट क्वासिक्रिस्टल मिळत नाही. आधी दुसरेच टणक दाणे गोठतात, मग उरलेल्या द्रवाशी त्यांची प्रक्रिया होऊन क्वासिक्रिस्टल बनतो, तोही अर्धामुर्धा. एकजीव करायला ८०० अंशांच्या आसपास तासन्‌तास तापवत ठेवावं लागतं. हाती येतो तो काळपट, काचेसारखा ठिसूळ तुकडा, जो उष्णता जवळपास सिरॅमिकइतकी कमी वाहतो. तव्यासाठी हा गुण की दोष, तुम्हीच ठरवा. म्हणून याचा उपयोग एकतर कोटिंग म्हणून होतो किंवा दुसऱ्या धातूत बारीक कण म्हणून. एका स्वीडिश कंपनीच्या पोलादात असे कण आहेत आणि त्यापासून दाढीची पाती आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या सुया होतात.

पण क्वासिक्रिस्टलचे जवळचे भाऊबंद बघायला तुम्हाला फ्रान्सला जायची गरज नाही. कोणत्याही डायकास्टिंगवाल्याच्या होल्डिंग भट्टीच्या (वितळलेला धातू तापता ठेवणाऱ्या भट्टीच्या) तळाशी ते बसलेले असतात. एडीसी-१२ या डायकास्टिंगच्या मिश्रधातूत आम्ही एक टक्क्याच्या आसपास लोखंड मुद्दाम ठेवतो, नाहीतर माल डायला, म्हणजे पोलादी साच्याला चिकटतो. लोखंडाबरोबर थोडं मँगनीज आणि क्रोमियम असतंच. भट्टी थंड पडली की हे तिघं अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनशी मिळून टणक दाणे करतात. ते द्रवापेक्षा जड, म्हणून खाली बसतात. त्यालाच आम्ही स्लज म्हणतो. लोखंड अधिक दोन पट मँगनीज अधिक तीन पट क्रोमियम, ही टक्क्यांची बेरीज १.८ च्या वर गेली आणि तापमान ६५० अंशांच्या खाली आलं की मी सुपरवायझरला फोन करतो. कारण एखादा दाणा कास्टिंगमध्ये गेला की मशीन शॉपमध्ये इन्सर्टचा (कापणाऱ्या हत्याराच्या टोकाचा) तुकडा पडतो आणि शिव्या लॅबला बसतात.

त्या दाण्याची रचना अ‍ॅल्युमिनियम-मँगनीज-सिलिकॉनच्या ज्या संयुगाच्या घराण्यातली आहे, त्याच्या एका घनात १३८ अणू असतात. आत वीस पृष्ठांचे तेच पुंजके, जे शेख्टमनच्या पट्टीच्या प्रकारात आहेत, फक्त इथे ते पुनरावृत्तीत बसवलेले. शास्त्रज्ञ अशा संयुगांना ‘अ‍ॅप्रॉक्सिमंट’ म्हणतात. शुद्ध अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंड शिरलं की १३ ला ४ या प्रमाणाचं जे संयुग होतं, तेही याच गोतावळ्यातलं. त्याच्या पुन्हा येणाऱ्या मांडणीत १०२ अणू. आपण त्याला अशुद्धी म्हणून हाकलतो आणि २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवलं की ॲसिटिलीनचं इथिलीन करायला ते पॅलेडियमच्या जोडीने उभं राहू शकणारं स्वस्त उत्प्रेरक आहे. तिथेही कारण पृष्ठभागाचंच: क्रियाशील लोखंडाचे अणू अ‍ॅल्युमिनियममध्ये एकेकटे अडकलेले असतात, त्यामुळे प्रक्रिया इथिलीनच्या पुढे सहसा जात नाही.

तुम्ही कोल्हापुरातच असाल तर ओळखीच्या डायकास्टिंगवाल्याकडून तळाच्या स्लजचा खडा मागून घ्या, तो फुकट देईल. रेझिनमध्ये बसवून बारीक पॉलिश पेपरवर घासा, शेवटचा हात डायमंड पेस्टचा. साधा मेटलर्जिकल मायक्रोस्कोप २०० पटीवर पुरतो. एचिंग न करताही (रसायन न लावताही) करडे बहुकोनी दाणे दिसतील आणि सावकाश थंड झालेल्या कास्टिंगच्या तुकड्यात तेच दाणे फाटे फुटलेल्या चिनी अक्षरांसारखे पसरलेले दिसतील.