आनुवंशिक, वांशिक आणि मध्येच उपटलेले ‘अनुवांशिक’

प्रश्न असा आहे: “एचआयव्हीची लागण झाल्यावर कोणाला एड्स लवकर होतो, कोणाला फार उशिरा, आणि याला ‘अनुवांशिक’ कारणे असतात असे वाचले. मग एचआयव्ही अनुवांशिक म्हणायचा का? आणि शब्द अनुवांशिक की आनुवंशिक?”

आनुवंशिक. अनुषंगाचे आनुषंगिक, अनुमानाचे आनुमानिक, तसे अनुवंशाचे आनुवंशिक. ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे ‘अ’चा ‘आ’ होतो, एवढेच. तरी ‘अनुवांशिक’ ऐकून ऐकून कान किटले आहेत. त्याचे वकीलही आहेत. एक म्हणतात, ‘पारलौकिक’मध्ये दोन्ही पदांची वृद्धी होते ना? होते, म्हणूनच तिथे ‘प’चा ‘पा’ झाला! त्या न्यायाने फार तर ‘आनुवांशिक’ होईल. दुसरे म्हणतात, ‘वांशिक’ शब्द आहेच, त्याला अलीकडून ‘अनु’ जोडला. हे जास्त घातक, कारण त्यातून अर्थच बिघडतो.

वांशिक म्हणजे मानववंशाशी संबंधित. आता एक उदाहरण घ्या. सीसीआर५ हे पेशीवरचे एक प्रथिन, एचआयव्हीचे नेहमीचे प्रवेशद्वार. त्याच्या जनुकातून डीएनएची ३२ अक्षरे गळालेली असली तर ते दार पेशीवर उमटतच नाही. आई आणि वडील दोघांकडूनही अशी प्रत आली, तर बहुतेक प्रकारच्या एचआयव्हीची लागण होत नाही. एकाकडूनच आली तर लागण होते, पण आजार सावकाश पुढे सरकतो. १९९६ साली हे उजेडात आले, आणि ही प्रत मुख्यतः युरोपीय लोकांत सापडते म्हणून लगेच ‘वांशिक प्रतिकारशक्ती’ असे मथळे सुचू लागतात. अहो, उत्तर युरोपातसुद्धा दोन्ही प्रती असलेले साधारण शंभरात एक. उरलेल्या नव्याण्णवांचा वंश काय वेगळा आहे? तो गुण त्या माणसाला त्याच्या आईवडिलांकडून आला. आनुवंशिक आहे, वांशिक नव्हे.

आता ‘वंश’. वंश म्हणजे मुळात वेळू. त्याचाच मराठीत वासा झाला, घर फिरले की फिरतो तो. बासरी त्याच बेटातली. पाठीच्या कण्याला पृष्ठवंश म्हणतात तेही वेळूवरूनच: मणक्यावर मणका, पेरावर पेर. कुळ हा अर्थ पेरांवरूनच आला असे माझे ठाम मत आहे. वेळूचे बेट झपाट्याने पसरते म्हणून वंशविस्तार, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. मला ती पोरकट वाटते. बृहदारण्यकोपनिषदात गुरुपरंपरेच्या लांबलचक याद्या आहेत, त्यांना वंश म्हणतात. गुरू काही बेटासारखे फोफावत नाहीत. अमुकाला तमुकाकडून, त्याला आणखी कोणाकडून, अशी ती यादी पेर, गाठ, पेर करत सरळ चढत जाते. पाणिनीच्या व्याकरणावरची टीका ‘काशिका’ लिहिणारेही वंश विद्येने किंवा जन्माने, असा दुहेरी सांगतात. म्हणजे हातोहात पुढे जाणे हा गाभा, रक्त नंतर.

या जुन्या अर्थाने विषाणूलाही वंश आहे! पण आजच्या अर्थाने एचआयव्ही आनुवंशिक नाही. आईकडून बाळाला तो गर्भात, प्रसूतीत किंवा अंगावरच्या दुधातून मिळतो, ती लागण. तो रक्तपेशींच्या डीएनएत आपली प्रत घुसवतो खरा, पण बीजपेशींतून पुढच्या पिढीत उतरत नाही. आनुवंशिक असते ती यजमानाची, म्हणजे लागण झालेल्या माणसाच्या शरीराची, तयारी. एचएलए नावाची प्रथिने विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून प्रतिकारशक्तीला दाखवतात. बी५७ आणि बी२७ हे प्रकार नेमके असे तुकडे दाखवतात की ते बदलायला गेले तर विषाणू स्वतःच लुळा पडतो. अशा लोकांत, औषधे नसतानाही, आजार बऱ्याचदा रेंगाळतो. बी३५चे काही उपप्रकार मात्र उलटे, त्यांत एड्स लवकर गाठतो. आईवडिलांकडून एकसारखेच एचएलए आले तरी तोटाच, कारण दाखवायला विविधता कमी.

आणि ‘जनुकीय’ला ‘आनुवंशिक’ म्हणू नका. टिमथी रे ब्राउन, ‘बर्लिनचा रुग्ण’, याला सीसीआर५ची एक तुटकी प्रत वंशातून आलेली होती. तेवढ्याने तो वाचला नाही. रक्ताच्या कर्करोगासाठी २००७मध्ये त्याला ज्या दात्याच्या मूळपेशी दिल्या, त्या दात्याच्या दोन्ही प्रती तुटक्या होत्या, आणि एचआयव्ही हटला. त्याच्या रक्तात झालेला हा बदल शंभर टक्के जनुकीय, पण आनुवंशिक मुळीच नाही: त्याला मूल झाले असते तरी दात्याची प्रत त्याच्याकडे गेली नसती.

तेव्हा लिहायचे ते असे: एचआयव्हीची लागण संसर्गजन्य, तिची गती काही अंशी आनुवंशिक. काही अंशीच, विषाणूची स्वतःची जनुकेही त्यात हात घालतात, आणि औषधे वेळेवर सुरू झाली तर या सगळ्यावर मात करतात.