विद्यापीठाच्या संशोधनाविषयी लिहिण्याची नोकरी : एका वडिलांच्या पत्राला उत्तर

पत्राचा सारांश : मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली असून तिला उत्तम गुण आहेत. एका विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात, तेथील संशोधनाविषयी आणि समाजावर झालेल्या त्याच्या परिणामांविषयी सामान्य वाचकांसाठी लिहिण्याची नोकरी तिला मिळत आहे व तिला ती हवी आहे. हे जाहिरातीचे काम आहे, संशोधन न जमलेल्यांनी करावे असे, असे आमचे मत आहे. तिला न सांगता मी पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे. तिचा एक लेख सोबत जोडला आहे. तिची समजूत कशी घालावी?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

नोकरीविषयीच्या आपल्या शंकांकडे मी येणारच आहे, परंतु पत्र वाचताना मी थांबलो तो तिला न सांगता अर्ज भरल्याच्या वाक्यापाशी. पीएच.डी. हे काही वर्षांचे काम आहे. त्यात महिनोन् महिने प्रयोग फसतात आणि अशा वेळी विद्यार्थ्याला टिकवून धरते ती एकच गोष्ट, आपल्यासमोरचा प्रश्न आपण स्वतः निवडला आहे ही जाणीव. घरच्यांच्या आग्रहाखातर प्रयोगशाळेत गेलेल्यांकडे नेमकी तीच नसते. असे विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा विषय अवघड गेला म्हणून ते रडत नाहीत. सोडतो आहे हे घरी कसे सांगावे, या भीतीने रडतात. आपण मुलीचे गुण पत्रात तीन वेळा लिहिले आहेत, तिला ही नोकरी का हवी आहे हे मात्र एकदाही लिहिलेले नाही. ते आपण तिला विचारले नसावे, असे मला वाटते.

प्रवेश परीक्षा पुढेही होत राहील आणि दोन-तीन वर्षांच्या नोकरीनंतरही ती देता येईल. त्या विषयावर याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

आता ‘जाहिरातीचे काम’ या समजाविषयी. विद्यापीठाने आपल्या संशोधनाची माहिती घाईने आणि फुगवून दिली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे आहे. 23 मार्च 1989 रोजी तेथील पत्रकार परिषदेत, सामान्य तापमानाला अणुसंमीलन (सूर्यात घडते तशी, अणुकेंद्रके एकत्र येऊन ऊर्जा बाहेर पडण्याची क्रिया) साधल्याचा दावा दोन रसायनशास्त्रज्ञांनी केला, तोही शोधनिबंध प्रसिद्ध होण्याआधी. जगभरच्या प्रयोगशाळा तो प्रयोग करून पाहू लागल्या, बहुतेकांना तसे काही आढळले नाही आणि काही महिन्यांतच त्या दाव्यावरचा विश्वास उडाला. 2014 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील 20 विद्यापीठांची आरोग्यविषयक 462 प्रसिद्धिपत्रके तपासली गेली. प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष माणसांना लावताना 36 टक्के पत्रकांनी मूळ निबंधापेक्षा जास्त सांगितले होते. ज्या संशोधनाच्या पत्रकात अशी अतिशयोक्ती होती, त्यावरील 86 टक्के बातम्यांत ती उतरली. पत्रक संयमी असेल तेथे हे प्रमाण अवघे 10 टक्के होते. म्हणजे वर्तमानपत्रांना आपण जो दोष देतो, त्यातील बराचसा विद्यापीठातच लिहिला गेलेला असतो. शिवाय अतिशयोक्ती केल्याने बातम्या अधिक छापून येतात, असेही त्या अभ्यासात फारसे दिसले नाही. हे पत्रक लिहिणारी व्यक्ती मूळ निबंध वाचू शकणारी असावी, प्रयोग उंदरांवर झाला की रुग्णांवर, हे तिने पहिल्या दोन वाक्यांत सांगावे आणि मजकूर संशोधकाकडून तपासून घ्यावा, याहून मोठी गरज मला तरी दिसत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात उत्तम गुण मिळवलेल्या मुलीने हे काम करणे म्हणजे गुण वाया घालवणे, असे मी मुळीच मानत नाही.

सामाजिक परिणामाचे लेखन तर याहूनही कसोटीचे असते. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचे राष्ट्रीय मूल्यमापन होते आणि त्याच्या निकालावर सरकारी निधीचे वाटप ठरते. त्या मूल्यमापनात विद्यापीठाबाहेर झालेल्या परिणामाला 2014 मध्ये 20 टक्के भार होता, 2021 मध्ये तो 25 टक्के झाला. परिणाम दाखवायचा तर ‘अनेकांना लाभ झाला’ हे वाक्य पुरत नाही. कोणाला, केव्हा, कोणत्या संशोधनामुळे, आणि ते संशोधन झाले नसते तर काय घडले असते, याचा पुरावा जोडावा लागतो. त्यासाठी लाभ झाला असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, त्या माणसांकडे जाऊन त्यांचे ऐकावे लागते, त्यांची परवानगी घ्यावी लागते, आणि लाभ झालेला नसेल तर तसे परत येऊन सांगण्याचे धैर्य लागते.

आपण जोडलेला लेख मी दोनदा वाचला. मी तो नापसंत करावा अशी आपली अपेक्षा असावी आणि शीर्षक मी खरोखरच नापसंत करतो. ‘औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर रामबाण उपाय’ असे ते आहे. प्रयोग केवळ काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवर झाला, हे मात्र सातव्या परिच्छेदात कळते. ही चूक गंभीर आहे आणि ती तिने आजच दुरुस्त करावी. परंतु त्याच लेखात तिने संशोधकांना विचारले आहे की, ज्या वेळी हा उपाय चालला नाही, त्या वेळी बशीत काय दिसले? त्यांनी दिलेले उत्तर तिने काहीही न लपवता लिहिले आहे आणि तो परिच्छेद लेखातील सर्वांत जिवंत भाग आहे. असा प्रश्न सुचणे शिकवून येत नाही.

या नोकरीत धोके नाहीत असे नाही. नेमणूक पुष्कळदा कंत्राटी असते आणि संस्थेची प्रतिमा उजळ दिसावी यासाठी वरून दबावही येतो. म्हणून रुजू होण्यापूर्वी तिने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा असतो? संशोधकाने आक्षेप घेतला तर पत्रक थांबते का? चुकीचा दावा प्रसिद्ध झाला, तर विद्यापीठ दुरुस्ती जाहीर करते का? उत्तरे टाळली गेली, तर तिने ही नोकरी घेऊ नये, असे मीही सांगेन.

तिची समजूत कशी घालावी, असे आपण विचारले आहे. त्यात मी आपल्याला साहाय्य करणार नाही. अर्ज भरल्याचे तिला आज संध्याकाळीच सांगावे, ती रागावली तर तिचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावे आणि परीक्षेला बसायचे की नाही, हे तिला ठरवू द्यावे. त्यानंतर मला पत्र लिहावेसे वाटले, तर ते तिला स्वतःला लिहू द्यावे; दुरुस्त केलेल्या लेखासह आले तर मी ते आनंदाने वाचेन.