मूडल फुकट आहे ना, मग पैसे कशाचे? छोट्या कॉलेजांचे प्रश्न

प्रश्न: आमचं कॉलेज छोटं आहे, ४०० विद्यार्थी. मूडल, म्हणजे कोर्स, असाइनमेंट आणि टेस्ट ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं तर ते आपल्यासाठी चालवून देणाऱ्या प्रोव्हायडर कंपनीच्या मॅनेज्ड सर्व्हिसला दरवर्षी पैसे का मोजायचे?

सॉफ्टवेअर फुकटच आहे, त्यात काही खोट नाही. मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये मूडलची पहिली आवृत्ती काढली तेव्हापासून ते जीपीएल लायसन्सखाली आहे, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं. तुम्ही पैसे देता ते सर्व्हर, अपडेट, बॅकअप आणि रात्री साईट पडली तर फोन उचलणाऱ्या माणसाचे. आता हे सगळं बहुतेक छोट्या कॉलेजात कोण करतं, तर कॉम्प्युटर शिकवणारे एक सर, तेही लेक्चर आणि पेपर तपासणं सांभाळून, आणि ते सर नोकरी सोडून गेले की अ‍ॅडमिनचा पासवर्डसुद्धा कोणाला माहीत नसतो. तुमच्याकडे या कामासाठी खास नेमलेला माणूस असेल तर स्वतः चालवा, खुशाल चालवा. नसेल तर मॅनेज्ड घ्या, त्या सरांवर आणखी ओझं टाकू नका.

प्रश्न: एरवी साईट मस्त चालते, पण ऑनलाइन टेस्ट सुरू झाली की लटकते. प्रोव्हायडर म्हणतो मोठा प्लॅन घ्या. घ्यावा का?

लगेच नको. १० वाजता टेस्ट असते तेव्हा नेमकं काय होतं बघा. ९:५८ ला ३०० जण एकदम लॉगिन करतात, १० ला सगळे एकाच वेळी स्टार्ट दाबतात आणि तेवढ्या एका मिनिटात सर्व्हर डेटाबेसमध्ये प्रत्येकासाठी वेगळा पेपर तयार करत असतो. वर सगळे प्रश्न एका पानावर आणि त्यात मोठाले फोटो असतील तर झालंच. पुढे उत्तरं आपोआप सेव्ह होत राहतात, साधारण मिनिटाला एकदा, तो भार त्यामानाने कमी. म्हणून आधी दोन बॅच करा, १५ मिनिटांच्या अंतराने. फोटो छोटे करून टाका, एका पानावर ४-५ प्रश्न ठेवा. एवढं करूनही अडलं तर प्लॅन वाढवा, पण आमच्याएवढ्या लोडवर टेस्ट करून आकडे दाखवा असं प्रोव्हायडरला आधी सांगा.

प्रश्न: उद्या प्रोव्हायडर बदलायचा झाला तर आमचा डेटा मिळेल ना? ते म्हणतात कोर्सचे बॅकअप कधीही डाउनलोड करा.

हा प्रश्न सही करायच्या आधी विचारायचा असतो, आणि खरं सांगू, मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. कोर्सचा बॅकअप म्हणजे एमबीझेड फाइल, ती एका कोर्सपुरती. त्यात मुलांचे मार्क आणि सबमिशन येतील की नाही हे बॅकअप घेताना काय निवडलंय आणि तुम्हाला परवानगी कुठवर दिलीय त्यावर ठरतं. पूर्ण साईट हलवायची तर डेटाबेस (सगळ्या नोंदी) आणि मूडलडेटा फोल्डर (अपलोड केलेल्या फाइली) दोन्ही लागतात, एकाच वेळचे, शिवाय मूडलची आवृत्ती आणि प्लगिनची, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयींची, यादी.

एका कॉलेजने प्रोव्हायडर सोडला तेव्हा त्यांच्या हातात फक्त तो फोल्डर आला. उघडला तर आत एकाही फाइलला नाव नाही, नुसती ४० अक्षरांची आकडे-अक्षरांची माळ. मूडल फाइली अशाच ठेवतं, कुठली फाइल कोणाची हे फक्त डेटाबेसला ठाऊक. मुलांच्या असाइनमेंट तिथेच होत्या, पण कुठली कोणाची ते कळायला मार्ग नाही. मॅडम अक्षरशः एकेक फाइल उघडून वरचं नाव वाचत बसल्या होत्या.

म्हणून करारातच लिहून घ्या की मागितल्यावर किती दिवसांत डेटाबेस आणि फोल्डर दोन्ही मिळतील आणि त्याचे वेगळे पैसे लागतील का. आणि वर्षातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उभा करून, एखाद्या मुलाचं सबमिशन उघडून बघाच.

प्रश्न: नवीन आवृत्ती आली की लगेच अपडेट करायचं का?

सिक्युरिटीचे अपडेट लगेच. मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, तिच्यामागे धावायची गरज नाही. एलटीएस, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती, धरा, तिला सिक्युरिटी सपोर्ट तीन वर्षं मिळतो, ४.५ तशी आहे. प्लगिन मोजके ठेवा, कारण एकाचा डेव्हलपर गायब झाला की अख्खं अपग्रेड त्याच्यापायी अडकतं. आणि सेमिस्टर चालू असताना मोठं अपग्रेड करायचं नाही, प्रोव्हायडर कितीही सोपं आहे म्हणाला तरी.