शाकूआ, तारूद की दिब्बूक?

प्रश्न असा आहे: इंग्रजी कथा हिब्रूत नेताना ‘ॲब्झॉर्ब्ड’, ‘प्रीऑक्युपाइड’ आणि ‘ऑब्सेस्ड’ यांना कोणते शब्द घ्यावेत?

आधी एक खड्डा दाखवून ठेवतो. ‘ॲब्झॉर्प्शन’ला कोशात ‘क्लिता’ मिळेल, पण तो इथे कामाचा नाही. क्लिता म्हणजे बाहेरून येणाऱ्याला सामावून घेणं. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली मंडळींना तो तोंडपाठ असेल, कारण नव्याने आलेल्यांचं सरकारी खातंच त्या नावाचं. मोबाइलला रेंज नसली तरी तिकडे ‘एन क्लिता’ म्हणतात.

पुस्तकात गढलेला माणूस ‘शाकूआ’. धातू बुडण्याचा. सूर्यास्त, म्हणजे ‘श्किआ’, याच कुळातला आणि पैशांची गुंतवणूक, ‘हाश्काआ’, तीही याच कुळातली (शेअर बाजारवाल्यांनी काय ते समजून घ्यावं). इथे माणूस आपणहून आत उतरतो.

‘तारूद’चं उलट. तिथे गोष्टच माणसाच्या मागे लागते. बायबलमधल्या नीतिसूत्रांत (27:15) पावसाच्या दिवशी एकसारख्या गळणाऱ्या छपराला ‘देलेफ तोरेद’ म्हटलंय आणि भांडकुदळ बायको तशीच, असं वर ऐकवलंय. ती टपटप डोक्यात चालू असली की माणूस तारूद. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात नवरदेवाला लग्नाच्या रात्री ‘श्मा’ ही रोजची प्रार्थना म्हणण्यातून सूट आहे, कारण त्याचं चित्त ठिकाणावर नसतं. लगेच शंका निघते: मग ज्याचं जहाज समुद्रात बुडालं त्याचंही चित्त कुठे ठिकाणावर असतं? त्याला सूट का नाही? उत्तर मिळतं की नवरदेवाचा घोर धर्मकार्यापायी आहे, जहाजवाल्याचा स्वतःपुरता. दोघांच्याही घोराला शब्द एकच, ‘तिर्दा’, याच धातूचा. ‘प्रीऑक्युपाइड’साठी मी डोळे झाकून तारूद घेईन. मात्र छळ किंवा सतावणूक या अर्थाचा ‘हात्रादा’ही त्याचाच भाऊबंद आहे, रूप चुकलं तर प्रकरण पोलिसांत जाईल.

‘ऑब्सेस्ड’ला एक शब्द पुरत नाही. दवाखान्यातला शब्द ‘तोरदानी’, पुन्हा त्याच गळक्या छपराचा. ओसीडी, म्हणजे मंत्रचळाच्या आजाराच्या हिब्रू नावात तोच आहे. रोजच्या बोलण्यात लोक सरळ ‘ओब्सेस्या’ म्हणतात आणि पात्र आजच्या तेल अवीवमधलं असेल तर तेच ठेवावं. एखाद्या विषयाचा नुसता नाद असेल तर ‘मेशुगा लादावार’, त्यात कौतुकही असतं. पण कथेत माणूस खरोखर झपाटलेला असेल तर ‘निख्नास बो दिब्बूक’, त्याच्यात दिब्बूक शिरला. दिब्बूक म्हणजे जिवंत माणसाला धरणारा मेलेल्याचा आत्मा. आपलं ‘झपाटणं’ही भुताखेतांतूनच आलं, त्यामुळे मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. धातू चिकटण्याचा, आणि गंमत म्हणजे ईश्वराशी एकरूप होण्याला हसिदी या ज्यू भक्तिपंथात जो ‘द्वेकूत’ शब्द आहे, तोही त्यातलाच.

नायिका असेल तर ‘श्कुआ’ आणि ‘त्रुदा’ ही रूपं घ्या. दिब्बूकला बाई-पुरुष सारखेच, फक्त ‘बो’चं ‘बा’ करा.